पदवीचे मोल आणि कर्जाचा हप्ता
(द्वितीय वर्ष, कला)

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यातली गोष्ट. पुण्यातल्या एका खासगी संस्थेची जाड, गुळगुळीत कागदाची माहितीपुस्तिका आमच्या घरी आली. मुखपृष्ठावर हातात माइक घेतलेली एक मुलगी होती. संज्ञापन व वृत्तविद्या या विषयाची तीन वर्षांची पदवी, वर्षाची फी दोन लाख रुपये, वसतिगृहाचा खर्च वेगळा. मी ती पुस्तिका उशाशी घेऊन झोपत असे. शाळेत निबंधाला बक्षिसे मिळाली होती, वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात माझी दोन पत्रे छापून आली होती, आणि पत्रकार व्हायचे हे मी आठवीतच ठरवून टाकले होते.

आमचे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल आहेत. हळदीच्या हंगामात ते घरी येतात तेव्हा मानेपासून मनगटापर्यंत पिवळे असतात. त्या संध्याकाळी त्यांनी साबणाने हात धुतले, पंचाला पुसले आणि मग पुस्तिका हातात घेतली. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. चित्रे बघून झाल्यावर त्यांनी विचारले, "हितं शिकून बाहेर पडलेल्या पोरांस्नी पगार किती मिळतो, ते लिवलंय का ह्यात?"

मी शेवटचे पान काढून दाखवले. तिथे मोठ्या अक्षरांत 'सर्वोच्च पॅकेज' म्हणून वर्षाला आठ लाखांचा आकडा होता. अण्णा म्हणाले, "हा एकाचा झाला. बाकीच्यांचा?"

बाकीच्यांचा आकडा त्या पुस्तिकेत कुठेच नव्हता.

मी ती पदवी घेतली नाही, या महाविद्यालयात बी. ए. ला प्रवेश घेतला. परंतु प्रश्न संपलेला नाही. आमच्याच वर्गात सहा-सातजण असे आहेत की, ज्यांना तृतीय वर्ष झाल्यावर 'मास कॉम' ला जायचे आहे. मलाही जायचे आहे. ज्यांच्या घरी फी भरण्याइतका पैसा आहे, त्यांच्यासाठी हा लेख नाही. ज्यांच्या वडिलांना बँकेत जाऊन सही करावी लागणार आहे, त्यांच्यासाठी मी हा हिशेब मांडत आहे.

प्रथम कर्जाचे बघू. बँकेतल्या साहेबांनी आम्हाला चांगली वागणूक दिली, हे आधी सांगितले पाहिजे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला जमीन-घर तारण लागत नाही, शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्षपर्यंत हप्ता भरावा लागत नाही, फेडायला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळते, हे त्यांनी समजावून सांगितले. ऐकताना सारे फार सोपे वाटले. परंतु 'हप्ता नाही' याचा अर्थ 'व्याज नाही' असा नसतो, हे आम्हाला घरी आल्यावर उमगले.

वर्षाला दोन लाख याप्रमाणे तीन वर्षांत सहा लाख उचलले आणि व्याजाचा दर दहा टक्के धरला, तर पहिल्या वर्षीच्या दोन लाखांवर चार वर्षांचे, दुसऱ्या वर्षीच्या दोन लाखांवर तीन वर्षांचे आणि तिसऱ्या वर्षीच्या रकमेवर दोन वर्षांचे सरळव्याज चढते. ते होते १ लाख ८० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी आपण सहा लाखांचे नव्हे, तर ७ लाख ८० हजारांचे देणेकरी असतो. हे दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १०,३०० रुपये लागतात. पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे ८,४०० रुपये. हप्ता लहान झाला म्हणून बरे वाटते. परंतु पंधरा वर्षांत एकूण भरणा पंधरा लाखांच्या वर जातो. उचलले सहा, फेडले पंधरा. हा हिशेब मी अर्थशास्त्राच्या सरांकडून तपासून घेतला आहे. चूक निघाली तर ती आम्हा दोघांची!

आता मिळकतीचे बघू. आमच्या गल्लीतल्या एका दादाने साधारण एवढेच कर्ज काढून हीच पदवी घेतली. तो आळशी नाही, व्यसनी नाही, वर्गात दुसरा आलेला मुलगा आहे. आज तो पुण्यात एका बातम्यांच्या संकेतस्थळाच्या कचेरीत काम करतो. हातात अठरा हजार पडतात. तिघांत मिळून घेतलेल्या खोलीत त्याच्या वाट्याचे साडेचार हजार, खानावळीचे साडेतीन हजार, बस आणि मोबाइलचे दोन हजार. त्यात हप्त्याचे ८,४०० मिळवा. बेरीज होते १८,४००. महिन्याला चारशे रुपये कमी पडतात, आणि यात कपडा, औषध, गावाकडे येण्याचे तिकीट काहीच धरलेले नाही. ज्या महिन्यात त्याला जमत नाही त्या महिन्यात त्याचे वडील रिक्षाचे दोन फेरे जास्त मारतात, कारण कर्जाच्या कागदावर ते सहकर्जदार आहेत. हप्ता चुकला तर नाव दोघांचेही खराब होते आणि पुढे रिक्षासाठीसुद्धा कर्ज मिळणे कठीण होते.

मला सर्वांत वाईट वाटले ते याचे नव्हे. मी त्याला विचारले, "दादा, तू बातमी आणायला कुठे कुठे जातोस?" तो म्हणाला, "जातो कुठे? खुर्चीत बसून इंग्रजी बातम्यांचं मराठी करायचो. आता ते यंत्र करतं. यंत्राच्या चुका मी काढतो." ज्या कामासाठी सहा लाखांची पदवी घेतली, ते काम त्याच्या हातातून असे निम्मे निसटले आहे.

यावर कोणी म्हणेल की, एका माणसाच्या उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये. खरे आहे. सगळ्यांचा पगार अठरा हजार नसतो, आणि ज्याचा आहे त्याचा कायम तेवढाच राहत नाही. जाहिरात, जनसंपर्क, कंपन्यांचे माहितीचित्रपट अशा अनेक वाटांनी या पदवीची मुले जातात आणि काहीजण चांगले मिळवतात. म्हणूनच मला नीट आकडे हवे आहेत. सर्वोच्च पगार सांगणे म्हणजे वर्गातल्या सर्वांत उंच मुलाच्या मापाने सगळ्यांचे गणवेश शिवण्यासारखे आहे. सरासरीही फसवते, दोघांना आठ-आठ लाख आणि आठजणांना दोन-दोन लाख मिळाले, तरी सरासरी तीन लाख वीस हजार येते आणि तेवढा पगार कोणालाच नसतो! पगार चढत्या क्रमाने लावून मधल्या मुलाला किती मिळते ते सांगा, आणि नोकरी न मिळालेल्यांनाही त्या रांगेत उभे करा. मग जो आकडा येईल तो आमच्या अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर होईल.

दुसरा एक मुद्दा आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात येतो. डॉक्टर, वकील यांना पदवीशिवाय धंदाच करता येत नाही. त्यांची पदवी हा परवाना असतो. पत्रकारितेचे तसे नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले तेव्हा असली पदवी अस्तित्वात नव्हती, आणि आजही बातमी लिहिण्यासाठी ती कायद्याने सक्तीची नाही. संपादक आधी लिहिलेले काय आहे ते मागतो. मग परवान्यासाठी काढलेले कर्ज आणि ओळखीपाळखी व सरावासाठी काढलेले कर्ज यांना एकाच मापाने कसे मोजायचे? संज्ञापनाचे शिक्षण निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. कॅमेरा, संपादन, कायदा, भाषा हे शिकावेच लागते. पण ते शिकण्याची किंमत किती असावी, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

शिवाय या धंद्यात कायद्याने ठरलेले वेतनही हाती पडेल याची खात्री नसते. वृत्तपत्र कर्मचाऱ्यांसाठी मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, मालकांनी न्यायालयात आव्हान दिले, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. त्यानंतरही अंमलबजावणीसाठी कर्मचाऱ्यांना पुन्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. कंत्राटावर घेतलेल्या नव्या मुलाने भांडायचे कोणत्या बळावर? २०२० च्या टाळेबंदीत अनेक वृत्तपत्रांनी पाने कमी केली, माणसे कमी केली. बँकेचे व्याज मात्र त्या काळातही चढतच होते.

आता मी माझ्याच विरुद्ध बोलणाऱ्या एका व्यक्तीचे म्हणणे मांडते, कारण ते मला अजून पूर्णपणे खोडता आलेले नाही. माझ्या मावसबहिणीने कर्ज काढून हेच शिक्षण घेतले. चार वर्षांच्या नोकरीनंतर आज ती एका जाहिरात संस्थेत बत्तीस हजार मिळवते. मी माझा कागदावरचा हिशेब तिला दाखवला. ती हसली आणि म्हणाली, "तुझं गणित बरोबर आहे गं. पण कर्ज काढलं नसतं तर माझं विसाव्या वर्षी लग्न झालं असतं. हप्ता फिटेपर्यंत लग्नाचा विषय काढू नका, असं मी घरात सांगितलंय. ते कर्ज माझं राखणदार आहे." ही मिळकत मी कोणत्या रकान्यात लिहू? माझ्याबाबतीतही आमच्या आत्याने अण्णांना बजावले होते की, "पोरीच्या शिक्षणाला एवढं कर्ज कशाला? लग्नाला काढ की, ते तरी कामी येईल." लग्नासाठी कर्ज काढताना मिळकतीचा हिशेब कोणी विचारत नाही, शिक्षणासाठी मात्र सगळे विचारतात. म्हणून मुलींना हा हिशेब सांगताना जीभ जरा अडखळते. कर्ज नको म्हणता म्हणता शिक्षणच नको, असा अर्थ घरात निघायला वेळ लागत नाही.

मग गरिबाच्या मुलांनी या क्षेत्रात जाऊच नये की काय? माझ्या मते या लेखातला खरा प्रश्न हाच आहे. ज्यांना घरून पाच वर्षे पैसे येऊ शकतात तेवढीच मुले वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांत गेली, तर हमालाच्या पाठीबद्दल लिहिणार कोण? आणि कर्ज काढून गेलेला मुलगा तरी ते लिहू शकेल का? आपल्याकडे तालुक्याच्या गावी वार्ताहराला मानधन किती मिळते आणि जाहिराती आणल्यावर कमिशन किती मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याला महिन्याच्या पाच तारखेला ८,४०० रुपये भरायचे आहेत, तो जाहिरात देणाऱ्या पुढाऱ्याविरुद्ध बातमी लिहिताना दहा वेळा विचार करील. कर्जाचा हप्ता असा बातमीच्या आड येतो. कमी पगाराची पण खऱ्या बातमीदारीची नोकरी सोडून तो जास्त पगाराच्या प्रचाराच्या नोकरीला जाईल, आणि आपण त्याला दोष देऊ शकणार नाही.

आपल्या मातीत याचा विचार यापूर्वी झालेला आहे. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिच्यावर अट होती ती दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची. त्याच आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. ज्यांना वाचा नव्हती त्यांचे वृत्तपत्र असे निघाले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुलांना धान्य नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडले. कर्मवीरांची 'कमवा व शिका' योजना आजही अनेक महाविद्यालयांत चालते. त्या पिढीने शिक्षणाचा भार समाजाच्या खांद्यावर घेतला होता. आज तो एकेका बापाच्या खांद्यावर आला आहे, आणि आमच्या अण्णांचा खांदा आधीच मोकळा नाही.

सरकारी योजना नाहीत असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'पीएम विद्यालक्ष्मी' योजना मंजूर केली. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या काळात, व्याजात तीन टक्के सूट मिळू शकते. परंतु ती ठरावीक दर्जेदार संस्थांच्या यादीपुरती आहे, लाभार्थींची संख्या मर्यादित आहे, आणि प्राधान्य सरकारी संस्थांतल्या व तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलांना आहे. आयकरात व्याजाची वजावट मिळते, हेही आम्हाला सांगण्यात आले. पण ज्याचा पगार कराच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही, त्याला ती वजावट काय कामाची?

तेव्हा मी माझ्यापुरते काही ठरवले आहे. ते इतरांना पटेलच असे नाही. हप्ता पगाराच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त असू नये. अठरा हजारांच्या पगाराला तीन हजारांचा हप्ता, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुदतीने व्याजासह जास्तीत जास्त पावणेतीन लाखांच्या आसपासचे कर्ज झेपते. सात लाख ऐंशी हजार झेपत नाही. म्हणून पदवी अनुदानित महाविद्यालयातून घ्यायची, जिथे वर्षाची फी चार आकडी आहे, आणि नंतर पदव्युत्तर शिक्षणासाठी कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट किंवा अमरावतीचे भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र अशा सरकारी जागांसाठी प्रवेश परीक्षा द्यायची. तरीही कर्ज काढावे लागलेच, तर शिकत असतानाच व्याज भरत राहायचे. त्याने मूळ रक्कम फुगत नाही आणि बँका व्याजात थोडी सूटही देतात.

आपल्या प्राध्यापकांकडे माझी एक विनंती आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे आता पदवीत कौशल्याचे विषय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना जागा आहे. मग बातमीलेखन, मुद्रितशोधन, छायाचित्रण यांचा अभ्यास आपल्याच महाविद्यालयात का होऊ नये? आपले भित्तिपत्रक वर्षातून दोनदा, तेही पाहुणे यायचे असले की बदलते. ते दर आठवड्याला बदलले, तर संपादकाला दाखवण्याजोगे वीस-पंचवीस लेख प्रत्येकाच्या हाती तीन वर्षांत जमतील. यासाठी कर्ज लागत नाही, थोडी जागा आणि थोडा वेळ लागतो. तसेच या महाविद्यालयातून बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात, किती मिळवतात, याची नावे न देता एक यादी पुढच्या वार्षिकांकात छापावी. दुसऱ्यांच्या माहितीपुस्तिकेला नावे ठेवताना आपलीही पुस्तिका कोरी असू नये.

माझा निर्णय बरोबर होता की नाही, हे मला अजून कळलेले नाही. माझ्या वर्गातली जी मुलगी पुण्याला गेली, ती आज कॅमेरा सराईतपणे हाताळते आणि मी तिचे फोटो मोबाइलवर बघते तेव्हा पोटात काहीतरी हलते. ते खोटे कशाला सांगू? बँकेतून परत येताना बसस्टँडवर अण्णा म्हणाले होते, "सही कुठं करायची तेवढं सांग, मी करतो. पैशाचं तू बघू नगंस." त्यांना सही करायला जरा वेळ लागतो; प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ते ती शिकले. पैशाचे मीच बघायला हवे, असे मला त्या क्षणी वाटले. अर्ज अजून माझ्या पेटीत आहे. त्यावर सहकर्जदाराच्या सहीची जागा कोरी आहे. पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षा दिल्यावर तो काढायचा की फाडायचा, ते ठरेल.